मेंदूत एकच गाठ आणि सिस्टिसर्कसची प्रतिपिंड चाचणी निगेटिव्ह: हा अहवाल कसा वाचावा?

माणदेशकन्या:

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. तो पुण्यात शिकतो आणि मेसमध्ये जेवतो. साडेतीन आठवड्यांपूर्वी पहाटे त्याच्या उजव्या हाताला आपोआप झटके येऊ लागले, मिनिटभरात ते सर्वांगात पसरले आणि त्याची शुद्ध हरपली. आयुष्यातली ही त्याची पहिलीच फिट. एमआरआयच्या अहवालात मेंदूच्या डाव्या पॅरायटल भागात ९ मिलिमीटरची, कडेने कड्यासारखी उजळणारी एकच गाठ, तिच्याभोवती सूज आणि आत एका बाजूला ठिपका असल्याचा संशय, असे लिहिले आहे. मेंदूविकारतज्ज्ञांनी ही बहुधा न्यूरोसिस्टिसर्कोसिसची, म्हणजे पट्टकृमीच्या अळीची गाठ असल्याचे सांगून फिट थांबवणारी गोळी सुरू केली आणि रक्ताची सिस्टिसर्कस (हे त्या अळीचेच नाव) आयजीजी एलायझा चाचणी करून घेण्यास सांगितले.

खरा गोंधळ तिथून सुरू झाला. पहिल्या प्रयोगशाळेचा अहवाल निगेटिव्ह आला. नातेवाइकांच्या आग्रहावरून दुसरीकडे तीच चाचणी केली, तर तिथे 'सीमारेषेवर, पुन्हा तपासावे' असा शेरा मिळाला. आता एक नातेवाईक म्हणतात की निगेटिव्ह आले म्हणजे ती जंताची गाठ नव्हेच, ती क्षयाची असणार आणि टीबीची औषधे लगेच सुरू करावीत. त्यातच दुसऱ्या प्रयोगशाळेत आम्ही घरातल्या सगळ्यांचेच रक्त दिले होते, आणि आईची चाचणी स्पष्ट पॉझिटिव्ह आली. आईचे वय ४८ असून तिला डोकेदुखीचा किंवा फिटचा कसलाही त्रास नाही. आमचे घर माळकरी आहे. भावाने मांस कधी तोंडात घातलेले नाही. आईचे माहेर मात्र आटपाडीकडचे, मेंढपाळांचे. लग्नापर्यंत ती मेंढरे आणि कुत्री यांच्यातच वाढली.

ज्याच्या मेंदूत गाठ आहे त्याची चाचणी निगेटिव्ह आणि जी ठणठणीत आहे तिची पॉझिटिव्ह, हे कसे समजून घ्यावे? उपचार आम्ही डॉक्टरांच्याच सल्ल्याने करणार आहोत. परंतु ही चाचणी नेमके काय मोजते आणि तिच्यावर किती विसंबावे, हे कोणी नीट समजावून सांगितले तर पुढच्या भेटीत योग्य ते प्रश्न विचारता येतील.

सूक्ष्मदर्शी:

ताई, मी आयुष्याची बरीच वर्षे वैद्यकीय प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करून निवृत्त झालो आहे. रुग्णाला न पाहता निदान करण्याचा मला अधिकार नाही, पण चाचणीबद्दल खात्रीने सांगू शकतो. आपल्याला जे दोन अहवाल परस्परविरोधी वाटतात, ते या चाचणीचा स्वभाव पाहता मुळीच विपरीत नाहीत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की ही चाचणी जंत शोधत नाही. जंताशी गाठ पडल्यावर आपल्या शरीराने जी प्रतिपिंडे तयार केली, त्यांचा ती शोध घेते. एलायझामध्ये प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांच्या तळाशी जंताची प्रथिने, म्हणजे प्रतिजने, चिकटवलेली असतात. त्यांवर रुग्णाच्या रक्तातील सीरम घालतात. त्यात जुळणारी प्रतिपिंडे असतील तर ती तिथे अडकून बसतात, आणि नंतर घातलेल्या विकरामुळे रंग उमटतो. रंगाची तीव्रता यंत्राने मोजून ती ठरावीक मर्यादेच्या वर आहे की खाली, एवढेच सांगितले जाते. म्हणून खळग्याच्या तळाशी नेमके कोणते प्रतिजन लावले आहे, यावर सारे अवलंबून असते. पुष्कळ किटमध्ये डुकराच्या स्नायूंतून काढलेल्या पुटींचा, म्हणजे अळीच्या पाणीभरल्या पिशव्यांचा, द्रव किंवा त्यांचा सरसकट अर्क वापरलेला असतो. अशा अर्कात इतर पट्टकृमींशी समान असलेली प्रथिनेही येतात, आणि त्यामुळे दुसऱ्याच जंताची प्रतिपिंडे असलेला माणूसही पॉझिटिव्ह ठरू शकतो. दोन प्रयोगशाळांची किटे वेगळी असतील तर त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नसतो. आपल्या दोन्ही अहवालांवर किटचे नाव आणि प्रतिजनाचा प्रकार लिहिलेला आहे का, हे अवश्य पाहावे. नसल्यास प्रयोगशाळेला विचारावे. तो आपला हक्क आहे.

याहून पुष्कळ भरवशाची चाचणी म्हणजे ईआयटीबी, जिला साधारणपणे वेस्टर्न ब्लॉट म्हटले जाते. व्हिक्टर त्सांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत ती विकसित करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात अळीचा सरसकट अर्क वापरत नाहीत. मसुरापासून मिळणाऱ्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाला अर्कातील ठरावीक ग्लायकोप्रथिने चिकटतात, तेवढीच वेगळी काढून घेतात, आकारमानानुसार पट्टीवर पसरवतात आणि मग रुग्णाचे सीरम त्यांतील कोणकोणत्या पट्ट्यांना धरते ते पाहतात. पाहण्याच्या पट्ट्या सात असतात. (आपल्या स्वयंपाकघरातली मसूर इतक्या नाजूक कामाला येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.) पहिल्या अभ्यासात या चाचणीने ९८ टक्के रुग्ण ओळखले आणि एकाही निरोगी किंवा अन्य रोगाच्या माणसाला चुकून पॉझिटिव्ह ठरवले नाही.

मात्र आपल्या भावाच्या बाबतीत कळीचा मुद्दा यापुढे आहे. १९९१ मध्ये याच चाचणीची तपासणी मेंदूतील गाठींच्या संख्येनुसार केली गेली. दोन किंवा अधिक गाठी असलेल्यांत ती ९४ टक्के पॉझिटिव्ह आली, पण एकच गाठ असलेल्यांत केवळ २८ टक्के. म्हणजे मेंदूत खरोखर एक अळी असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे बहात्तर जणांना ही उत्तम समजली जाणारी चाचणीही निगेटिव्ह म्हणू शकते. मग साध्या एलायझाच्या निगेटिव्ह अहवालावरून 'जंत नाहीच' असा निष्कर्ष काढणे कसे टिकेल? एकटी अळी फारच थोडे प्रतिजन रक्तात सोडते, आणि जिवंत असेपर्यंत तर ती आपल्या संरक्षक यंत्रणेची नजर चुकवण्यात मुरलेली असते. ती मरू लागते तेव्हा सूज येते, फिट येते आणि गाठ स्कॅनवर कड्यासारखी उजळते, परंतु त्या एवढ्याशा घडामोडीने रक्तातील प्रतिपिंडांची पातळी वाढेलच असे नाही. गाठी पूर्ण कॅल्शियमच्या झालेल्या असतील तेव्हाही ही चाचणी पुष्कळदा निगेटिव्ह येते.

अमेरिकेतील संसर्गरोग आणि उष्णकटिबंधीय वैद्यक या क्षेत्रांतील दोन प्रमुख संघटनांनी मिळून तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत रक्तावरील ईआयटीबी ही पुष्टीसाठीची चाचणी म्हणून सुचवली आहे आणि सरसकट अर्कावर आधारलेल्या एलायझा वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे मात्र सहज उपलब्ध असते ती एलायझाच, आणि स्वस्त असल्यामुळे तीच लिहून दिली जाते. याची मला मनापासून खंत वाटते, कारण अशा अहवालामुळे घरेच्या घरे आपल्यासारखी पेचात पडलेली मी पाहिली आहेत.

गाठीतून-बाहेर:

मी डॉक्टर नाही, पण या वाटेने गेलो आहे, म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी मलाही अगदी अशीच फिट आली होती, एकच लहान गाठ होती आणि रक्ताची चाचणी निगेटिव्ह होती. ज्या डॉक्टरांना प्रथम दाखवले त्यांनी केवळ त्या निगेटिव्ह अहवालावरून क्षयाची गाठ ठरवून चार औषधे सुरू केली. दोन महिन्यांत कावीळ झाली, औषधे बंद करावी लागली आणि दुसऱ्या शहरातील तज्ज्ञांकडे जावे लागले. त्यांनी दोन्ही स्कॅन शेजारीशेजारी लावून गाठ आधीच निम्म्याहून लहान झाल्याचे दाखवले आणि आतला ठिपका म्हणजे अळीचे डोके असल्याचे समजावले. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी झाली.

त्या दोन महिन्यांत यकृतावर जे ओढवले ते टाळता आले असते, ही गोष्ट मला अजून सलते. ताई, टीबीची औषधे ही 'घेऊन तर बघू' म्हणण्याजोगी नाहीत. ज्यांना खरोखर क्षय आहे त्यांना ती जीवदान देतात, पण ती सुरू करण्याआधी निदानाचा आधार रक्ताच्या एका निगेटिव्ह आकड्यापेक्षा भक्कम असायला हवा. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्या, आणि जाताना अहवालाचा कागद नव्हे तर स्कॅनची मूळ सीडी घेऊन जा.

मज्जारज्जू:

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. वरील दोन्ही प्रतिसाद योग्य दिशेचे आहेत. त्यांत थोडी भर घालते.

आपल्या भावाच्या स्कॅनचे जे वर्णन आहे, त्याला भारतीय मेंदूविकारशास्त्रात मोठा इतिहास आहे. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन आपल्याकडे येऊ लागले तेव्हा फिट आलेल्या तरुण रुग्णांत अशा एकट्या, लहान, उजळणाऱ्या गाठी मोठ्या संख्येने दिसू लागल्या आणि त्या बहुतेक क्षयाच्या असे समजून उपचार होत असत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चँडी आणि वेदांतम राजशेखर यांनी अशा काही गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य गाठी पट्टकृमीच्या मरणपंथाला लागलेल्या अळीच्या निघाल्या. त्या अनुभवातून निकष तयार झाले: फिट येऊन गेलेला रुग्ण, २० मिलिमीटरपेक्षा लहान एकच उजळणारी गाठ, मेंदूची मध्यरेषा सरकलेली नाही, डोक्यातील दाब वाढल्याची चिन्हे नाहीत, वाढत जाणारी दुर्बलता नाही आणि शरीरात अन्यत्र क्षयासारखा सक्रिय रोग नाही. हे सारे जुळत असेल तर गाठ सिस्टिसर्कसची असण्याचा संभव फार मोठा असतो, आणि पुष्कळ गाठी काही महिन्यांत विरघळतात किंवा कॅल्शियमचा बारीक ठिपका मागे ठेवतात. या निकषांत रक्ताच्या चाचणीला जागाच नाही, हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. पुटीच्या आत अळीचे डोके निःसंशय दिसले तर ते निदान पक्केच समजले जाते, मग रक्ताचा अहवाल काहीही असो. म्हणून प्रतिपिंडे पुन्हा तपासण्यापेक्षा तो 'संशयित ठिपका' अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून नीट पाहून घेण्यात आपला पैसा अधिक सार्थकी लागेल.

क्षयाच्या गाठी सामान्यतः मोठ्या आणि ओबडधोबड असतात आणि त्यांच्यासोबत ताप, वजन घटणे किंवा छातीत काही दोष आढळू शकतो. शंका उरल्यास छातीचा एक्स-रे, एमआरआयमधील स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतील रसायनांची तपासणी) आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन, असा मार्ग असतो. इथे एक सावधगिरी हवी. कोणी 'टीबीचीही रक्तातील अँटिबॉडी चाचणी करून टाकू' असे सुचवल्यास ती करू नये. क्षयाच्या प्रतिपिंड चाचण्या इतक्या फसव्या ठरल्या की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांच्या किटवर बंदीच घातली.

मग प्रतिपिंड चाचणी निरुपयोगी आहे का? नाही. अनेक गाठी असताना, स्कॅनवरील चित्र संदिग्ध असताना, किंवा मेंदूच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या पोकळ्यांत द्राक्षांच्या घडासारख्या पुटी वाढलेल्या असताना ईआयटीबी फार उपयोगी पडते. त्या शेवटच्या प्रकारात ती जवळजवळ नेहमीच पॉझिटिव्ह येते. तिच्यासाठी रक्त पुरते. एकच लहान गाठ असलेल्या रुग्णाच्या पाठीतून पाणी काढून चाचणी करण्याची सहसा गरज नसते. प्रतिपिंडांऐवजी जंताने सोडलेले प्रतिजनच शोधणारी एलायझाही असते. जिवंत पुटी अनेक असतील तर ती उपचारानंतर उतरताना दिसते, पण एकट्या, मरू घातलेल्या गाठीत तीही बहुधा गप्पच राहते.

अळीविरोधी औषध द्यायचे की नाही, सोबत स्टेरॉइड किती दिवस, हे आपले डॉक्टर ठरवतील. ते सुरू करण्यापूर्वी डोळ्यांचा पडदा तपासून घेतला आहे का, एवढे मात्र विचारा. डोळ्यात अळी असेल तर ती औषधाने मेल्यावर उठणाऱ्या सुजेने दृष्टी जाऊ शकते.

माणदेशकन्या:

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. गेल्या तीन आठवड्यांत इतक्या शांतपणे कोणी समजावले नव्हते. दोन गोष्टी अजून उलगडत नाहीत. मांसाचा स्पर्शही नसलेल्या मुलाला हा जंत आला कुठून? घरात हाच प्रश्न सर्वांच्या मनाला लागला आहे आणि भावावर उगाच संशय घेतला जात आहे. दुसरे म्हणजे, आईचे काय करावे? एका ओळखीच्या औषधविक्रेत्याने 'पॉझिटिव्ह आहे तर जंताचा कोर्स घेऊन टाका' असे सांगून गोळ्याही काढून ठेवल्या आहेत.

हडसनकाठचा:

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण मी जिथे राहतो त्या न्यू यॉर्क शहरातच याचे नामांकित उत्तर मिळाले होते. तिथल्या सनातनी ज्यू वस्तीत, जिथे धर्माज्ञेने डुकराचे मांस पूर्ण वर्ज्य आहे, चार जणांना न्यूरोसिस्टिसर्कोसिस झाल्याचे आढळले. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. शोध घेता त्या घरांमध्ये लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, स्वयंपाक आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांतील एकीच्या आतड्यात पट्टकृमी सापडला. कुटुंबातील इतर काही जणांच्या रक्तात प्रतिपिंडेही मिळाली. प्रतिपिंड चाचणीचा खरा उपयोग तिथे झाला, कारण एका घरात किती जणांपर्यंत अंडी पोहोचली होती याचा माग तिने दिला.

कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात पूर्ण वाढीचा पट्टकृमी होतो. मेंदूत अळी होते ती मात्र त्या जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी जंत बाळगणाऱ्या माणसाच्या शौचातून हात, पाणी, माती, कच्ची भाजी अशा वाटेने येतात. त्यामुळे आपल्या भावाला कोणी दोष देत असेल तर तो सरळसरळ अन्याय आहे. तसेच ज्यांच्याकडून अंडी आली असतील त्यांनाही बोल लावण्यात अर्थ नाही. आपण जंत बाळगतो आहोत हे त्या माणसाला बहुधा ठाऊकही नसते.

मज्जारज्जू:

याला जोडूनच सांगते की 'गेल्या महिन्यात काय खाल्ले होते' हे आठवत बसू नका. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांत हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळला होता. त्यांच्यापैकी ४५० रुग्णांचा डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी पाठपुरावा करून १९६१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. भारत सोडल्यानंतर अनेकांना काही वर्षांनी, तर काहींना त्याहून कितीतरी उशिरा फिट येऊ लागल्या होत्या. मेसमधले कालचे जेवण यात निर्दोष असू शकते.

आईसाठीच्या त्या गोळ्या कृपया देऊ नका. प्रतिपिंडे आढळणे म्हणजे आजार नव्हे, आणि केवळ रक्त पॉझिटिव्ह आहे म्हणून अळीविरोधी औषध दिले जात नाही. मेंदूत न कळत जिवंत पुटी असतील तर ते औषध त्यांना एकदम मारून सूज आणि फिट ओढवू शकते. त्यांना डोकेदुखी, फिट, दृष्टीचा त्रास यांपैकी काही नसेल तर तडकाफडकी मेंदूचा स्कॅन करण्याचेही कारण मला दिसत नाही. पुढे असे लक्षण दिसल्यास मात्र हा अहवाल डॉक्टरांना जरूर दाखवावा.

सूक्ष्मदर्शी:

आईंच्या अहवालामागे तीन शक्यता आहेत. ज्या प्रदेशात हा जंत आहे तिथे माणसे नकळत थोडी अंडी गिळतात, अळ्या रुजण्यापूर्वीच मरतात, प्रतिपिंडे तयार होतात आणि ओसरूनही जातात. पेरू आणि कोलंबियातील गावांत पॉझिटिव्ह आलेल्यांचे रक्त काही काळाने पुन्हा तपासले असता त्यांतील मोठा हिस्सा निगेटिव्ह झालेला आढळला. ही पहिली शक्यता. दुसरी म्हणजे निव्वळ चाचणीची चूक. समजण्यासाठी एक हिशेब मांडतो, यातील आकडे केवळ मानलेले आहेत. धरून चला की एखादे किट निरोगी माणसांपैकी १०० तील ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते आणि खऱ्या रुग्णांपैकी १०० तील ८० ओळखते. लक्षणे नसलेल्या १००० लोकांची चाचणी केली आणि त्यांत खरे रुग्ण १० असले, तर खरे पॉझिटिव्ह ८ येतील आणि खोटे जवळजवळ ५०. म्हणून लक्षण नसलेल्यांचे रक्त 'सगळे आलोच आहोत तर' म्हणून तपासण्याने माहिती थोडी आणि काळजीच अधिक मिळते.

तिसरी शक्यता आपण स्वतःच आपल्या प्रश्नात लिहून ठेवली आहे. मेंढरे आणि कुत्री यांच्यात फिरणारा एकायनोकॉकस हा दुसरा पट्टकृमी असतो, आणि त्याच्यामुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिडच्या पुटी होतात. मेंढीच्या पुटी असलेल्या आतड्या-काळजाचे तुकडे कुत्र्याने खाल्ले की जंत त्याच्या आतड्यात वाढतो आणि त्याच्या विष्ठेतील अंडी माणसाच्या हाताला लागतात. यासाठी मांसाहार मुळीच लागत नाही, मेंढपाळाच्या घरातले बालपण पुरते. सिस्टिसर्कसच्या एलायझामध्ये सर्वाधिक घोटाळा करतात ती याच जंताविरुद्धची प्रतिपिंडे. त्यामुळे त्यांच्या पोटाची एकदा साधी सोनोग्राफी करून घ्यावी असे मी सुचवेन.

आणखी एक गोष्ट रक्ताच्या नादात विसरली जाते. ही सिस्टिसर्कस चाचणी शरीरात रुतलेल्या अळीसाठी आहे. घरात कोणाच्या आतड्यात पूर्ण वाढीचा जंत आहे का, हे ती सांगत नाही. आतड्यातील जंतासाठी वेगळ्या प्रतिजनांवर बेतलेली रक्तचाचणी संशोधन प्रयोगशाळांत विकसित झाली आहे, पण आपल्या गल्लीतल्या प्रयोगशाळेत ती मिळणार नाही. म्हणून भावासह घरातील सर्वांचे शौच वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा तपासावे, कारण अंडी रोज पडत नाहीत. शौचात भोपळ्याच्या बियांसारखे चपटे पांढरे तुकडे कोणाला कधी दिसले होते का, हेही संकोच न बाळगता विचारावे. सूक्ष्मदर्शकाखाली डुकराच्या आणि गुरांच्या पट्टकृमीची अंडी सारखीच दिसतात, तरीही अंडी सापडली तर घरातला वाहक कळतो आणि त्याच्यावर उपचार होऊ शकतात.

माणदेशकन्या:

दोन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण ज्यांनी वेळ दिला त्यांना पुढे काय झाले हे कळवणे माझे कर्तव्य आहे. दुसऱ्या तज्ज्ञांनी सीडी पाहून आतला ठिपका हे अळीचे डोकेच असल्याचे सांगितले. टीबीची औषधे सुरू करण्याची वेळ आली नाही. डोळे तपासून मग थोड्या दिवसांचे औषध आणि सोबत स्टेरॉइड दिले. भावाला पुन्हा फिट आलेली नाही, आणि परवाच्या एमआरआयमध्ये गाठ ९ वरून ४ मिलिमीटरवर आली असून सूज जवळजवळ गेली आहे. घरातल्या कोणाच्याही शौचात अंडी सापडली नाहीत.

आईच्या सोनोग्राफीत मात्र यकृतात एक जुनी, कवचासारखी कॅल्शियमने घट्ट झालेली पुटी दिसली. शल्यचिकित्सकांनी ती निष्क्रिय हायडॅटिडची असल्याचे सांगून शस्त्रक्रिया किंवा औषध न देता ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहण्याचा सल्ला दिला. आईला ते ऐकून तिच्या लहानपणीचा 'मोत्या' आठवला, तो रात्री तिच्याच घोंगडीत झोपत असे.

एकच विचारायचे आहे. भाऊ बरा झाला हे पक्के करण्यासाठी त्याची प्रतिपिंड चाचणी पुन्हा करावी का?

सूक्ष्मदर्शी:

करू नये. ज्यांची चाचणी पॉझिटिव्ह असते त्यांची प्रतिपिंडे जंत मेल्यानंतरही वर्षानुवर्षे राहू शकतात, आणि आपल्या भावाची तर मुळातच निगेटिव्ह होती. त्यामुळे पुढच्या अहवालातून काहीच उलगडणार नाही. गाठ पूर्ण विरघळली की कॅल्शियमचा ठिपका मागे राहिला, हे स्कॅनच सांगेल, आणि फिटची गोळी केव्हा कमी करायची हे त्यावरूनच ठरेल. तोपर्यंत ती आपल्या मनाने बंद करू नये.

आईंच्या सिस्टिसर्कसच्या अहवालामागे ती जुनी पुटीच असेल असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण कॅल्शियम झालेल्या हायडॅटिडमध्ये प्रतिपिंडे असतातच असे नाही. तरीही त्यांच्या फाइलवर 'यकृतात निष्क्रिय हायडॅटिड पुटी' अशी नोंद ठळक करून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी हा पॉझिटिव्ह कागद पाहून मेंदूतील जंताचा तर्क एकदम लढवणार नाही. त्यांच्या माहेरी आजही मेंढरे आणि कुत्री असतील तर कुत्र्यांना पशुवैद्यकांकडून पट्टकृमीवरचे औषध वेळच्या वेळी द्यायला सांगा. मेंढरू कापल्यावर त्याचे काळीज-फुप्फुस कुत्र्यांपुढे टाकू नये. ते खोल पुरावे किंवा जाळावे. त्या घरातील मुलांच्या पोटाची सोनोग्राफी एकदा करून घ्यावी असेही मी सुचवेन. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालयांत तिची सोय आहे का, याची चौकशी आपण कराल तर त्यांना सोनोग्राफीसाठी शहरापर्यंत यावे लागणार नाही.